मासे पळू नयेत म्हणून

धरण फुटले म्हटले की मराठी माणसाला १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवते. त्याच्या ७२ वर्षे आधी, ३१ मे १८८९ रोजी, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाउन हे गाव असेच एका दुपारी वाहून गेले. पानशेतचे पाणी निदान शेतीच्या आणि शहराच्या गरजेचे होते. जॉन्सटाउनच्या डोक्यावरचे पाणी साठवले होते ते हौसेखातर, श्रीमंतांना सुट्टीत गळ टाकून मासे धरता यावेत म्हणून. या पुराचा इतिहास मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो तो त्यामुळेच.

मुळात हे धरण सरकारी. कालव्यातल्या बोटींना उन्हाळ्यात पाणी मिळावे म्हणून साउथ फोर्क इथे ते १८५३ पर्यंत बांधून झाले. ७२ फूट उंच, मातीचे. पण तोवर आगगाडी आली आणि कालवा निकामी झाला. धरण रेल्वे कंपनीकडे गेले, १८६२ साली एकदा थोडे फुटलेही. पुढे एका मालकाने तळातले पाच बिडाचे पाइप काढून मोडीत विकले. तळ्यातले पाणी खालून सोडायचे ते एकमेव साधन होते.

१८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांनी 'साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब' काढला. सभासद साठेक, पण नावे बघा: अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन. क्लबने फुटका भाग माती, दगड आणि झाडोरा घालून भरून काढला. पाइप पुन्हा बसवलेच नाहीत. धरणावरून घोडागाड्यांना सहज जाता यावे म्हणून माथा दोन-तीन फूट छाटून रुंद केला. तळ्यात मुद्दाम ब्लॅक बास जातीचे मासे आणून सोडले आणि ते निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या पुलाखाली लोखंडी जाळी बसवली.

ही जाळी आम्हा गोवेकरांना चटकन समजेल. आमच्या खाजन शेतांच्या बांधाला मानस असते. भरतीच्या वेळी तिची दारे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. तिच्या तोंडाशी जाळे लावून मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. मासे धरणाऱ्याला दार जास्त वेळ उघडे हवे असते, भात पिकवणाऱ्याला खारे पाणी आत नको असते. यावरून गावोगाव तंटे झालेले आहेत. पण आमच्याकडे दोघेही एकाच गावचे, एकमेकांना बांधावर भेटणारे. तिथे मासे धरणारे डोंगरावर राहत आणि ज्यांचे घरदार जायचे ते नदीच्या वाटेने १४ मैल दूर, साडेचारशे फूट खाली.

खालच्यांना धोका कळला नव्हता असेही नाही. जॉन्सटाउनच्या केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्येच जॉन फुल्टन नावाच्या अभियंत्याकडून धरणाची पाहणी करवली. पाणी सोडायला तळाशी वाट नाही आणि दुरुस्ती कच्ची आहे, असे त्याने स्पष्ट लिहिले. मॉरेल यांनी खर्चात वाटा उचलायचीही तयारी दाखवली. क्लबच्या प्रमुखाने उत्तर दिले की आमच्या उद्योगापासून तुम्हाला काही धोका नाही. १८८५ मध्ये मॉरेल वारले आणि विषय मागे पडला.

१८८९ च्या मे महिन्याच्या ३० तारखेला मुसळधार पाऊस सुरू झाला. सकाळी तळे भराभर चढत होते. झाडांच्या फांद्या आणि ओंडके येऊन त्या जाळीत अडकले आणि सांडवा तुंबला. क्लबच्या अध्यक्षांनी मजूर लावून दुसरी चर खणायला घेतली, जाळी मोकळी करायची धडपड झाली, पण वेळ गेली होती. तारेने इशारे गेले. मात्र दर पावसाळी वर्षी असे इशारे ऐकून 'लांडगा आला रे आला' अशी गत झालेली. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले. सुमारे दोन कोटी टन पाणी दरीतून निघाले ते तासाभरात, चार वाजून गेल्यावर, गावावर आले. रेल्वेच्या दगडी पुलाशी घरे, डबे, झाडे, काटेरी तारा यांचा डोंगर साचला आणि त्याने पेट घेतला. बुडण्यातून वाचलेले कित्येक तिथे जळाले. मृतांचा अधिकृत आकडा २२०९. त्यांत ९९ कुटुंबे अशी की मागे कोणीच उरले नाही. साडेसातशेहून अधिक प्रेतांची ओळखच पटली नाही.

क्लबने हजार ब्लँकेटे पाठवली. काही सभासदांनी देणग्या दिल्या, कार्नेगींनी नंतर वाचनालय बांधून दिले. खटले झाले, पण कोणालाही जबाबदार धरले गेले नाही. ही देवाची करणी, असे ठरले. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेनेही अहवाल दिला की धरण मूळ रूपात असते तरी फुटलेच असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भूशास्त्रज्ञांनी नव्याने गणित मांडले. माथा छाटल्यामुळे जादा पाणी सोडण्याची क्षमता निम्म्याहून कमी झाली होती, आणि मूळ रूपातले धरण त्या दिवशी टिकले असते, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे कळायला १२७ वर्षे लागली.

आपल्या भाषेत संकटांची जुनी वाटणी आहे, आस्मानी आणि सुलतानी. जॉन्सटाउनचा पाऊस आस्मानी होता यात वाद नाही. पण विकलेले पाइप, छाटलेला माथा आणि माशांसाठी लावलेली जाळी आकाशातून पडली नव्हती. सुलतानी म्हणजे दर वेळी जुलूमच असतो असेही नाही. त्या सभासदांना कोणाचे वाईट करायचे नव्हते. त्यांना फक्त मासे हवे होते, आणि खाली कोण राहते याचा विचार करायची गरज त्यांना पडली नाही.

तळ्याच्या जागी आज राष्ट्रीय स्मारक आहे. धरणाची दोन्ही टोके उभी आहेत, मध्ये मोकळी दरी. आपल्याकडे पूर आला की 'यंदा पाऊसच तसा पडला' हे वाक्य लगेच ऐकू येते. ते खरेही असते. पण त्यानंतर सांडव्यात काय अडकले होते, आणि ते तिथे कोणी लावले होते, हेही विचारले पाहिजे.