पालम-परभणीची लोकसंख्या : आकड्यांत आपण कुठे दिसतो?

पालममध्ये मुस्लीम किती? निवडणूक आली की हा प्रश्न चौकाचौकात निघतो आणि प्रत्येकाकडे वेगळा आकडा असतो. २०११ च्या जनगणनेवेळी पालम तालुक्याचं ठिकाण असलं तरी तिथे ग्रामपंचायतच होती, नगरपंचायत नंतर झाली. धर्माची आकडेवारी तालुका आणि शहर पातळीपर्यंतच जाहीर होते, गावनिहाय नाही. म्हणजे पालम गावचा म्हणून मोबाइलवर फिरणारा टक्का हा कुणाचा तरी अंदाज असतो.

जिल्ह्याचं चित्र मात्र स्पष्ट आहे. २०११ मध्ये परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. त्यात साधारण सहामागे एक मुस्लीम आणि दहामागे एक बौद्ध, बाकी बहुतेक हिंदू. राज्यात मुस्लिमांचं प्रमाण ११.५४ टक्के, देशात १४.२३ टक्के. आपला जिल्हा दोन्हींच्या पुढे आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्याचा हा वारसा. राज्यातले दहापैकी सात मुस्लीम शहरात राहतात, पण पालम तालुक्यात २०११ ला एकही शहर नोंदलेलं नव्हतं. इथला मुसलमान शेतमजुरी, छोटं दुकान, बाजारचा धंदा करणारा, खेड्यातलाच.

भाषेचा आकडा आम्हाला जास्त बोलका वाटतो. राज्यात मुस्लीम सुमारे १ कोटी ३० लाख, पण मातृभाषा उर्दू लिहिणारे सुमारे ७५ लाख. उरलेल्यांनी मराठी, हिंदी, गुजराती, कोकणी असं काहीतरी सांगितलं. आपल्याकडे घरात दखनी, बाहेर मराठी. मग रकान्यात काय लिहायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. उर्दू शाळेची मागणी करताना मात्र हाच आकडा समोर ठेवला जातो.

खरी अडचण बिरादरीची. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या, आणि १९५० च्या आदेशाप्रमाणे मुस्लीम अनुसूचित जातीत येत नाहीत. त्यामुळे बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी, कुरेशी हे सगळे ‘मुस्लीम’ या एकाच शब्दाखाली गेले. राज्याच्या ओबीसी यादीत यातल्या अनेक बिरादऱ्या आहेत, पण त्या किती मोठ्या आहेत याचा हिशेब कुणाकडे नाही.

दुसरीकडे कसं मोजतात बघा. दक्षिण अमेरिकेतला सुरीनाम हा २०१२ मध्ये जेमतेम साडेपाच लाखांचा देश होता. १८७३ पासून हिंदुस्थानातून आणि १८९० पासून जावा बेटावरून मजूर तिथे नेले गेले. २०१२ च्या जनगणनेत हिंदुस्तानी सुमारे २७ टक्के, जावानी सुमारे १४ टक्के. धर्म वेगळ्या रकान्यात : मुस्लीम सुमारे १४ टक्के, त्यात जावानीही आले आणि हिंदुस्तानीही. एक माणूस दोन ठिकाणी दिसतो, आणि कोणाची काय गरज ते कळतं.

आपल्याकडे आता ते होऊ शकतं. येणाऱ्या जनगणनेत जात विचारली जाणार, असा निर्णय केंद्रानं ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केला. २०२६ मध्ये घरयादी, फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, आणि संदर्भ दिवस १ मार्च २०२७.

जातीच्या प्रश्नाला आपल्यातले बरेच जण ‘मुसलमान’ एवढंच सांगतात, किंवा आडनाव सांगतात. शेख, पठाण, सय्यद नाव लावणारे सगळेच त्या बिरादरीचे नसतात. शेख आडनावाचा पिंजारी ‘शेख’ म्हणाला, तर पिंजाऱ्यांचा एक माणूस कमी झाला. इस्लाममध्ये ऊंच-नीच नाही हे खरंच, पण इथे प्रश्न श्रद्धेचा नाही, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचा आहे. धर्म ‘इस्लाम’ आणि जात आपली बिरादरी, दोन्ही नीट सांगता येतात.

प्रगणकाला कागद दाखवावा लागत नाही, तोंडी उत्तर चालतं, आणि १९४८ च्या कायद्यानं ते गोपनीय असतं. पण म्हणूनच या नोंदीवर जातीचा दाखला मिळत नाही. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो : आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जुनी महसुली नोंद. निजामकाळातले कागद उर्दूत असतात. घरात कुणाला वाचता येत असेल तर ते आत्ताच काढून, मराठी भाषांतर करून ठेवा.