‘सार्वजनिक’ रान नेमके कोणाचे?

अमेरिकेत सरकारी मालकीची एखादी जमीन ‘विल्डरनेस’ म्हणजे निर्मनुष्य रान म्हणून राखून ठेवण्याचा प्रस्ताव आला, की दोन बाजू उभ्या राहतात. एक बाजू म्हणते, इथे रस्ता नको, मोटार नको, सायकलसुद्धा नको. दुसरी बाजू म्हणते, ही जनतेची जमीन आहे, आम्हाला इथे जीप आणि सायकली नेऊ द्या, फिरू द्या. दोन्ही बाजू जनतेच्या नावाने बोलतात. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ही ‘जनता’ म्हणजे नेमके कोण?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचलेला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह त्या तळ्यावर चालत जावे लागले. ‘सार्वजनिक’ या शब्दातून कोणाला वगळले आहे, हे तपासायचे आम्ही तिथे शिकलो. त्याच नजरेने अमेरिकेतल्या रानाचा इतिहास वाचला पाहिजे.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ सप्टेंबर १९६४ रोजी विल्डरनेस कायद्यावर सही केली. सुरुवातीला सुमारे ९१ लाख एकर जमीन त्याखाली आली. आज हा आकडा ११ कोटी एकरांच्या पुढे गेला आहे. या कायद्याच्या व्याख्येनुसार रान म्हणजे अशी जागा, जिथे माणूस पाहुणा म्हणून येतो, राहत नाही. वाचायला हे सुंदर वाटते. पण जे पिढ्यानपिढ्या तिथे राहत होते, त्यांचे काय?

कायदा १९६४ चा असला तरी विचार जुना आहे. १८७२ मध्ये यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. शोशोनी, बॅनॉक, क्रो अशा आदिवासी समूहांची ती शिकारीची आणि वावराची भूमी होती. १८८६ ते १९१८ या काळात या उद्यानाचा कारभार चक्क लष्कराकडे होता. योसेमिटीच्या दरीत १८५१ मध्येच सशस्त्र तुकडी घुसली होती आणि तिथल्या अवाहनीची लोकांना हुसकावण्यात आले होते. काहीजण परत आले, उद्यानातच कामधंदा करून राहिले. त्यांची शेवटची वस्ती पाडली गेली ती १९६९ मध्ये, म्हणजे विल्डरनेस कायद्यानंतर पाच वर्षांनी. लक्षात घ्या, रान निर्मनुष्य सापडले नव्हते, ते निर्मनुष्य केले गेले.

आता दुसरी बाजू पाहू, ‘सर्वांना फिरायला मोकळीक’ मागणारी. १९०३ मध्ये कॅप्टन चार्ल्स यंग या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याकडे सेक्वोया उद्यानाची जबाबदारी होती. त्यांच्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या देखरेखीखाली तिथल्या महाकाय वृक्षांपर्यंतचा गाडीरस्ता पुरा झाला. पर्यटकांची वाट यांनी मोकळी केली. पण व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ मध्ये लुईस माउंटन ही जागा उघडली, ती खास ‘निग्रोंसाठी’ असा फलक लावून. उद्यान राष्ट्रीय, खर्च सरकारी आणि बसायची जागा मात्र वेगळी! हा भेद तिथून पुरता जायला १९५० साल उजाडले.

हे अपघाताने घडले असे कोणी म्हणू नये. १९१६ च्या मे महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचत होते. त्याच वर्षी त्याच शहरातल्या मॅडिसन ग्रँट यांचे नॉर्डिक वंशाची श्रेष्ठता सांगणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. हेच ग्रँट १९१८ मध्ये रेडवूड वृक्ष वाचवणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते. त्यांच्याकडे झाडांसाठी करुणा होती, माणसांसाठी उतरंड होती. ‘निसर्गाला जात नसते’ असे आम्हाला ऐकवले जाते. मान्य, पण निसर्गाच्या दारावर बसलेल्या पहारेकऱ्याला ती असू शकते.

मग रान राखूच नये का? तसे आमचे म्हणणे नाही. रान उघडे टाकले तर ते खाणवाल्यांच्या आणि कंपन्यांच्या घशात जाईल आणि पहिला मार पुन्हा गरिबालाच बसेल. प्रश्न राखण्याचा नाही, अधिकाराचा आहे. युटा राज्यातले बेअर्स इअर्स पाहा. होपी, नवाहो, झुनी आणि यूट लोकांची दोन अशा पाच आदिवासी राष्ट्रांनी एकत्र येऊन ही भूमी राखण्याची मागणी स्वतः केली. डिसेंबर २०१६ मध्ये ओबामांनी सुमारे साडेतेरा लाख एकरांचे राष्ट्रीय स्मारक जाहीर केले आणि औषधी वनस्पती व सरपण गोळा करण्याची परंपराही मान्य केली. पुढच्याच वर्षी ट्रम्प यांनी त्याचे सुमारे ८५ टक्के क्षेत्र कापले. २०२१ मध्ये बायडन यांनी ते परत जोडले आणि २०२२ मध्ये या पाच राष्ट्रांशी सहव्यवस्थापनाचा करार झाला. ज्यांना हाकलले होते, ते तिथे कारभारी म्हणून परतले. पण एका सहीने मिळालेले दुसऱ्या सहीने जाऊ शकते, हेही या इतिहासाने दाखवले.

मित्रांनो, आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आहे. तरीही अभयारण्य की पर्यटन, असा वाद निघाला की आपली तरुण मुले पटकन एका बाजूला जाऊन उभी राहतात. त्याआधी तीन प्रश्न विचारा. इथून कोणाला उठवले? आत जायची परवानगी कागदावर कोणाला आहे आणि प्रत्यक्षात कोण जाऊ शकते? आणि निर्णयाच्या बैठकीत त्या माणसांची खुर्ची आहे का? उत्तरे मिळेपर्यंत कोणत्याही बाजूच्या निवेदनावर सही करू नका.

जय भीम!