व्ह्वा व्हेर्त : फ्रान्समधील मोटारमुक्त मुरूमवाटा

फ्रान्सच्या ग्रामीण भागातील, मोटारींना मज्जाव असलेले मार्ग. ‘व्ह्वा व्हेर्त’ म्हणजे हिरवी वाट. १६ सप्टेंबर २००४ च्या सरकारी आदेशाने या वाटांना फ्रेंच वाहतूक संहितेत स्वतंत्र जागा मिळाली. विनाइंजिन वाहने, पायी चालणारी माणसे आणि घोडेस्वार यांच्यापुरताच राखलेला रस्ता, अशी त्या आदेशातली त्यांची व्याख्या होती. वाटेच्या तोंडाशी निळा चौकोनी फलक असतो आणि त्यावर पादचारी, सायकल व घोडेस्वार यांची पांढरी चित्रे असतात. यांपैकी बऱ्याच वाटांवर डांबर नाही, दाबून बसवलेली बारीक खडी आणि वाळू आहे. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्याशी तिचे नाते अगदी जवळचे. त्यामुळे ग्रॅव्हल सायकल चालवणाऱ्यांची त्यांच्याकडे ओढ आहे. या सायकलीला शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल असते, पण टायर चांगले ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात.

यांतल्या बहुतेक जुन्या वाटा मुळात सायकलसाठी बांधलेल्याच नव्हत्या. त्या एक तर आगगाडीच्या आहेत, नाहीतर घोड्याच्या.

आगगाडीच्या वाटांची कहाणी १८७९ मध्ये सुरू होते. सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी दूरदूरच्या तालुक्यांपर्यंत रेल्वे नेण्याची योजना आखली आणि त्या वर्षीच्या कायद्यात १८१ नव्या मार्गांची यादी आली. विसाव्या शतकात मोटारी आणि बसगाड्या आल्या, आणि असे कितीतरी छोटे मार्ग एकामागून एक बंद पडले. रूळ उचलले गेले. भराव, पूल, बोगदे आणि फाटकवाल्यांची टुमदार घरे मात्र जागच्या जागी राहिली. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे, म्हणून शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ शक्यतो दिलेला नसे. डोंगराळ मुलुखातही या वाटेवर दहा वर्षांचे मूल सायकल रेटत नेऊ शकते, त्याचे श्रेय त्या जुन्या अभियंत्यांचे.

बुर्गोन्य प्रांतातील जिव्री ते क्लुनी ही ४४ किमीची वाट १९९७ मध्ये खुली झाली. फ्रान्समधील पहिली व्ह्वा व्हेर्त म्हणून तिचे नाव घेतले जाते. द्राक्षमळ्यांच्या पायथ्यापायथ्याने ती क्लुनीच्या मध्ययुगीन मठापाशी पोहोचते. तिच्यावर डांबर आहे, त्यामुळे खडीच्या शौकिनांना ती जरा गुळगुळीतच वाटते. क्लुनीच्या पुढे याच जुन्या रेल्वेचा ब्वा क्लेर बोगदा लागतो. त्याची लांबी सुमारे १.६ किमी. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण त्या महिन्यांत तिथे वटवाघळे झोपलेली असतात. तेव्हा सायकलस्वाराने डोंगरावरून वळसा घालायचा.

घोड्याची वाट म्हणजे कालव्याकाठची ‘आलाझ’, बोट ओढण्याची वाट. दोराने बोट ओढणाऱ्या जनावराला पाण्याला लागून सपाट, सलग आणि मोकळी जागा हवी असे, तीच आज चाकांखाली येते. काही जुन्या पुलांच्या दगडी कडांवर ओल्या दोरांनी कापलेल्या खाचा अजून आहेत. हाताचे बोट फिरवले तर त्यांची खोली कळते. चढ येतो तो जलपाशापाशी, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदापाशी. पाण्याची पातळी जिथे दोन-तीन मीटर बदलते, तिथे वाटही तेवढीच उचलली जाते, आणि बाजूला जलपाश राखणाऱ्याचे घर दिसते.

खडीच्या सायकलसाठी सर्वांत समृद्ध कालवा ब्रिटनी प्रांतातला, नाँत ते ब्रेस्त. लांबी सुमारे ३६० किमी, जलपाश २३० हून अधिक. इंग्रजांच्या आरमाराने समुद्र अडवला असताना ब्रेस्तच्या लष्करी बंदराला देशाच्या आतून रसद मिळावी, या हेतूने नेपोलियनच्या काळात त्याचे काम सुरू झाले. १८४२ मध्ये कालवा सलग खुला झाला, तोवर ते युद्ध केव्हाच संपले होते. ग्लोमेल गावाजवळ दोन नद्यांमधला उंचवटा फोडावा लागला. १८२३ ते १८३२ या काळात शिक्षा झालेल्या कैद्यांनी कुदळ-फावड्याने हा खोल चर खणला. आज तिथून जाताना दोन्ही बाजूंचे झाडीने भरलेले उतार इतके उंच असतात की भर उन्हाळ्यातही हिरवट काळोख पसरलेला असतो आणि खडीवर टायरचा करकर आवाज तेवढा ऐकू येतो. तो चर खणणाऱ्या हातांची नावे वाटेवर कुठेतरी वाचायला मिळायला हवीत.

कालवा एके ठिकाणी मधेच तुटतो. १९२३ ते १९३० मध्ये बांधलेल्या गेर्लेदाँ धरणात १७ जलपाश बुडाले. २०१५ मध्ये दुरुस्तीसाठी जलाशय रिकामा केला तेव्हा ते चिखलातून वर आले आणि पाहायला लोकांची रीघ लागली.

याच भागातले कारे हे गाव मराठी सायकलपटूंना ठाऊक आहे. चार वर्षांतून एकदा होणाऱ्या सुमारे १,२०० किमीच्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस फेरीत कार्डावर शिक्का घेण्याचा थांबा इथे असतो. पुणे, मुंबई, नाशिककडचे स्वार इथे डोळ्यांत झोप घेऊन येतात आणि डांबरी रस्त्यानेच पुढे जातात. गावाजवळून कालव्याची वाट जाते, आणि कारेला केंद्र धरून पसरलेल्या जुन्या मीटरगेज रेल्वेची मॉर्लेकडची वाटही इथूनच निघते. ती गाडी १९६७ मध्ये थांबली.

दक्षिणेत ओ-लांगदॉकच्या डोंगरांत माझामे ते बेदारिय अशी सुमारे ८० किमीची ‘पास्सा पायिस’ ही रेल्वेवाट आहे. चेस्टनटची राने, बोगदे, दरीवरचे पूल असा तिचा थाट.

पृष्ठभाग कसा असावा, यावर मात्र एकमत नाही. पिएर-पॉल रिके यांनी हाती घेतलेल्या, १६६६ ते १६८१ या काळात बांधल्या गेलेल्या, आज जागतिक वारसा असलेल्या कानाल द्यु मिदीवर हा फरक एका दिवसात अनुभवता येतो. तुलूझकडून निघाल्यावर पहिले सुमारे ५० किमी डांबर; जिल्हा बदलला की मातीची पायवाट, त्यात चिनाराची गाठाळलेली मुळे. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, बाबागाडी ढकलणारी आई यांना डांबर हवे, आणि त्यांची मागणी रास्त आहे. पण डांबराने पाणी मुरत नाही, वेग वाढतो, आणि जुन्या वाटेचा पोत कायमचा जातो. गावालगतचे काही किलोमीटर गुळगुळीत करून पुढे मुरूम राखणे, हा मधला मार्ग सर्वांत शहाणपणाचा. या कालव्याची सावलीही विरळ होत चालली आहे. काठच्या ४२,००० चिनारांना २००६ पासून एका बुरशीजन्य रोगाने ग्रासले, हजारो झाडे तोडावी लागली, आणि त्यांच्या जागी आता निरनिराळ्या जातींची झाडे लावली जात आहेत.

रेल्वेवाटा आणि कालवे यांच्यामधली मोकळी जागा ‘शमँ रुराल’ म्हणजे गाववाटा भरून काढतात. त्यांची मालकी ग्रामपंचायतीची, वापर सर्वांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतजमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा अशा पुष्कळ नव्या वाटा आखल्या गेल्या. त्या पूर्णपणे मोटारमुक्त नाहीत; कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला बाजू द्यावीच लागते. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा शिकारीचा हंगाम, तेव्हा रविवारी रानातून जाताना भडक रंगाचा सदरा घालणे बरे.

पाण्यासाठी जाणते स्वार गावाची दफनभूमी शोधतात. कबरींवरच्या फुलझाडांना पाणी घालण्यासाठी फाटकाजवळ नळ असतो. त्यावर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिले असेल तर ते पाणी पिण्याजोगे नाही.