स्कूटरची कुळकथा

मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे, असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. कोणी उपवासाचे पदार्थ घेतले, कोणी अष्टविनायकांची यात्रा घेतली. मी "स्कूटरविषयी लिहीन" म्हणाले, तेव्हा बैठकीत बराच हशा पिकला. हसणाऱ्या भगिनींचा मला मुळीच राग आला नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, लेखणीची सवय नाही, आणि विषय तर पुरुषांचा समजला जाणारा! पण तो आपलाही कसा आहे, हेच मला सांगावयाचे आहे. यातील जुन्या गोष्टी माझ्या थोरल्या मुलीने पुस्तकांतून व मोबाइलवर शोधून मला वाचून दाखविल्या. बाकीचे मी हात काळे करून शिकले.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९८०च्या दशकात, स्कूटर ही दुकानात जाऊन लगेच आणावयाची वस्तू नव्हती. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि नंबर लागण्याची वाट पाहायची. त्यात कित्येकांची वर्षानुवर्षे गेली. आमच्या वडिलांचा नंबर लागला त्या दिवशी आईने स्कूटरला ओवाळले, चाकाखाली लिंबू ठेवले. पुढे दादा चालवावयास शिकला. दर रविवारी फडके घेऊन ती पुसण्याचे काम तेवढे माझ्याकडे आले. तिचा कानाकोपरा मी पुसला, पण कोणता भाग कशासाठी आहे हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

लग्नानंतरही तेच. हे पुढे आणि मी मागे, एका बाजूला पाय सोडून. पदर सांभाळायचा, पिशवी सांभाळायची, मूल सांभाळायचे, एवढीच माझी विद्या.

सन २००४ मधील पावसाळ्यातली गोष्ट. हे रात्रपाळीला कंपनीच्या बसने गेले होते. मध्यरात्रीनंतर मामंजींना एकाएकी धाप लागली. स्कूटर दारात उभी होती. शेजारचा मुलगा धावत आला, त्याला चालवता येत होती. त्याने किक मारली, पुन्हा मारली, स्कूटर झुकवून पाहिली. घामाघूम झाला, पण ती काही सुरू होईना. शेवटी तो पावसात नाक्यावर पळत गेला आणि रिक्षा घेऊन आला. मध्ये पाऊण तास गेला. त्या वेळात मामंजींचे डोके मांडीवर घेऊन मी दारातल्या त्या स्कूटरकडे नुसती पाहत होते. देवाची कृपा, ते वाचले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी एक पाना घेतला, बोटाएवढी एक वस्तू काढली, पॉलिश पेपरने घासली, पुसून परत बसवली आणि किक मारली. स्कूटर सुरू! पाच मिनिटेही लागली नाहीत. मी विचारले, "एवढेच होते?" ते म्हणाले, "एवढेच, वहिनी. प्लगवर तेल चढले होते."

ते "एवढेच" माझ्या मनाला फार लागले. मामंजी घरी आल्यावर त्यांना मी ते सांगितले. ते म्हणाले, "सूनबाई, चुलीची वात काजळली तर तू हाक मारतेस का कोणाला? मग हे का शिकू नये?" तेव्हापासून मी शिकू लागले.

आता मूळ कथेकडे वळते. मोटारीच्या इतिहासातली पहिली लांबची सफर एका गृहिणीने केली, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीन चाकी मोटारीचे पेटंट घेतले, पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी बाहेर काढून निघाल्या. मानहाइमपासून फोर्झहाइम या माहेरच्या गावापर्यंत शंभर किलोमीटरहून अधिक रस्ता! वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीला लावावयाच्या पिनेने मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. इंधन संपत आले, ते औषधाच्या दुकानातून घेतले. डोक्यातल्या पिनेने नळी साफ करणारी ही बाई आपल्याच जातकुळीची नव्हे काय? आपणही पिनेने स्टोव्ह साफ केलेले आहेत.

दुचाकीची कथा त्याआधी थोडी सुरू झाली. १८८५ साली गॉटलिब डाइमलर यांनी लाकडी दुचाकीवर इंजिन बसविले. तेव्हा ठिणगीची आजच्यासारखी सोय नव्हती. ज्योतीने नळी लाल तापवून इंधन पेटवीत, आणि ती व्यवस्था बसण्याच्या जागेखाली! पहिल्या फेरीत बैठकीनेच पेट घेतला असे सांगतात. १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी जोरदार विजेवर चालणारा मॅग्नेटो व त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला, आणि ही अडचण दूर झाली. मिस्त्रींनी काढलेली बोटाएवढी वस्तू ती हीच. तिच्या टोकाला दोन धातूंमध्ये बारीक फट असते, साधारण अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. त्या फटीतून ठिणगी उडी मारते आणि पेट्रोलची वाफ पेटते. फटीत काजळी वा तेल साचले की ठिणगी उडत नाही. मग किक मारून पाय मोडला तरी इंजिन सुरू होणार नाही. प्लगचे टोक विटकरी तपकिरी असेल तर सर्व ठीक. काळे व ओले असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त जाते. पांढरे पडले असेल तर इंजिन फाजील तापते. डॉक्टर जीभ पाहतात, तसेच हे आहे.

तेल प्लगवर का चढावे? त्याचेही उत्तर इतिहासात सापडते. इंग्लंडातील बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८९०च्या सुमारास दोन फेऱ्यांत काम उरकणारे सुटसुटीत इंजिन तयार केले. त्यालाच आपण टू-स्ट्रोक म्हणतो. त्यात भाग थोडे, म्हणून ते स्वस्त. परंतु दट्ट्याला वंगण देण्यासाठी तेलाची निराळी टाकी नसल्याने तेल पेट्रोलातच मिसळावे लागे. आपल्या जुन्या स्कूटरला लिटरला सुमारे २० मिलिलिटर तेल पडे. कमी पडले तर इंजिन जाम, जास्त पडले तर धूर आणि काळा प्लग. आमच्याकडे ते अंदाजाने ओतले जाई. भाजीत मीठ अंदाजाने चालते, इथे चालत नाही. त्या रात्रीचे कारण हेच होते.

आता खुद्द स्कूटरचा जन्म. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील पाँटेडेरा येथील पिआज्जिओ कंपनीचा विमानांचा कारखाना बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपले, विमानांची मागणी संपली. हजारो हातांना काम हवे होते. रस्ते उखडलेले, लोकांपाशी पैसा नाही. तेव्हा एन्रिको पिआज्जिओ यांनी सर्वसामान्यांना परवडेल अशी दुचाकी काढण्याचे ठरविले आणि ते काम कोराडिनो दास्कानिओ या विमानविद्येच्या इंजिनिअरांकडे सोपविले. गंमत अशी की, दास्कानिओंना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. ती कपडे मळवते, चाक पंक्चर झाले तर काढणे कठीण, बसावयास टांग टाकावी लागते! या तक्रारी त्यांनी एकेक करून निवारल्या आणि त्यातूनच स्कूटरचे रूप घडले.

इंजिन मागील चाकापाशी झाकणाखाली नेले. साखळी काढून टाकली, म्हणजे तेलाचे डाग नकोत. पुढे पत्र्याची ढाल दिली, म्हणजे चिखल नको. मधला भाग मोकळा ठेवला, म्हणजे झगा घातलेल्या बाईलाही सहज बसता यावे. विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूने धरले. गिअर पायाकडून काढून हाताच्या मुठीत आणला. मुठीपासून गिअरपर्यंत जाणारी केबल, म्हणजे वेष्टणात सरकणारी तार, इंग्लंडात अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली पेटंट केली होती. २३ एप्रिल १९४६ रोजी या गाडीचे पेटंट दाखल झाले. तिची सिंहकटी आणि गुणगुण पाहून पिआज्जिओ यांना गांधीलमाशी आठवली, म्हणून नाव पडले व्हेस्पा. पुढच्याच वर्षी मिलानमध्ये लॅम्ब्रेटा निघाली.

भगिनींनो, इथे मी क्षणभर थांबले होते. ही गाडी बाईला बसता यावी हे मनात धरून घडविलेली होती. मग आपण इतकी वर्षे मागेच का बसलो?

ही गाडी आपल्या चिंचवडच्या दारात कशी आली तेही ऐका. वर्ध्याच्या जमनालालजी बजाज यांच्या घराण्याने १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन केले. हीच पुढे बजाज ऑटो झाली. १९४८पासून त्यांनी परदेशातून आणलेल्या दुचाकी व तीन चाकी गाड्या विकल्या. १९५९ साली सरकारचा कारखान्याचा परवाना मिळाला आणि आकुर्डीस स्कूटर बनू लागल्या. इटलीच्या कंपनीशी असलेला करार १९७१ साली संपला. १९७२मध्ये चेतक आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे ते नाव. आपल्या कित्येकींच्या घरचा भाकरतुकडा या कारखानदारीनेच दिला. तथापि एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. हीच स्कूटर कित्येक लग्नांत जावयाची मागणी होऊन बसली आणि मुलीच्या बापाच्या डोक्यावर कर्ज ठेवून गेली. ज्या मुलीपायी ती दिली, तिच्या हाती मात्र किल्ली आली नाही.

आपल्या देशाने या गाडीला एका भागाची जोड दिली, ती साडीगार्डची. पदर चाकात जाऊ नये म्हणून ही जाळी. कोणी "शोभा नको" म्हणून काढू लागल्यास काढू देऊ नका.

बायकांच्या हाती किल्ली आली ती हलक्या गाड्यांमुळे. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची लुना निघाली, आणि पुण्यात बायका-मुली तिच्यावरून कामाला व कॉलेजात जाऊ लागल्या. १९८४मध्ये कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नाही, किकचीही सक्ती नाही, बटण दाबले की सुरू! जुनी चेतक २००६च्या सुमारास बंद झाली, आणि २०२० साली त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी विक्रीस आली. तिला प्लग नाही, तेल नाही, धूर नाही.

मग हे सारे शिकून काय करावयाचे, असे कोणी म्हणेल. तर ऐका. गाडी कोणतीही असो, हवा, ब्रेक आणि दिवे सुटत नाहीत. आठवड्यातून एकदा टायरची हवा पाहावी. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जास्त हवा लागते, आणि दोघे बसणार असतील तर आणखी. ब्रेकचा दांडा हाताला सैल लागू लागला, तर आवळून घ्यावा. आवळूनही धरत नसेल तर लायनर झिजले असे समजावे. केबलचा एखादा धागा तुटलेला दिसला तर उद्यावर टाकू नये. हल्लीच्या पेट्रोलच्या स्कूटरला टू-स्ट्रोकसारखे तेल मिसळावे लागत नाही, पण इंजिनात निराळे ऑइल असते. गाडी सपाटीवर उभी करून पट्टी बाहेर काढावी, पुसून पुन्हा बुडवावी व खुणा पाहाव्यात. पंक्चरची तर भीतीच नको. जुन्या स्कूटरला मागे जोडचाक असे. त्याला आपण स्टेपनी म्हणतो ते वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून. तेथे १९०४ साली असे जोडचाक बनू लागले. एका रस्त्याचे नाव आपल्या घराघरांत रुळले, ही मौजच नाही का?

आमची ती जुनी स्कूटर अजून आहे. मामंजी त्या रात्रीनंतर सहा वर्षे होते. त्यांना दवाखान्यात तपासणीला मीच घेऊन जात असे, लायसन्स काढून, ते मागे आणि मी पुढे. निघण्यापूर्वी ते दरवेळी विचारीत, "सूनबाई, प्लग पाहिलास?" मी "हो, मामंजी" म्हणे. तो प्लग पाना मी आजही देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवते. माझ्या मुलीने लायसन्स काढण्याआधी तो पाना हाती घ्यावा अशी अट मी घातली होती, आणि तिने ती पाळली.

महिन्यातून एका शनिवारी दुपारी मंडळाच्या अंगणात स्कूटर उभी करून आपण एकमेकींना एवढे शिकवावे, अशी माझी मंडळाला विनंती आहे. पाने मी आणीन, जुनी फडकी तुम्ही आणा. हात काळे होतील, पण ते साबणाने निघते. त्या रात्रीचे "एवढेच" कोणा भगिनीच्या वाट्याला न येवो.

चूकभूल क्षमा करावी. इथेच लेखणी आवरते.