बाळंतिणीची मान

बाळंतिणीच्या कंबरेची काळजी साऱ्या घराला असते. तेलाचे मर्दन, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, पोटाला घट्ट बांधलेला पट्टा. इंदूरपासून हैदराबादपर्यंत मराठी कुटुंब जेथे गेले तेथे हा सरंजामही गेला. मानेच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. आले ते कानांवरून गुंडाळलेले फडके, आणि तेही वाऱ्याच्या भीतीने! एखादीने ‘मान वळत नाही’ म्हटले, तर उशीला दोष देऊन विषय संपतो.

या दुखण्यावर आज जो भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, केला जातो, त्याच्या उगमाशी सुइणी आणि परिचारिकाच उभ्या आहेत. १८९४ साली लंडनमध्ये ‘मर्दन’ हा शब्द बदनाम झाला होता. मर्दनगृहांच्या पाट्यांआड भलतेच व्यवहार चालतात, असा इशारा ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्या वर्षी दिला. तेव्हा रोझलिंड पॅजेट, ल्यूसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी प्रशिक्षित मर्दनकारांची संस्था काढली. पॅजेट स्वतः सुईण होत्या. सुइणींच्या शिक्षणाला व नोंदणीला आधार देणारा १९०२चा कायदा व्हावा म्हणून त्या झटल्या होत्या. संस्थेचे नियम कडक होते. डॉक्टरांच्या आदेशावाचून मर्दन करावयाचे नाही. जाहिरात द्यावयाची ती केवळ वैद्यकीय पत्रांत. १९२० साली तिला राजाची सनद मिळाली. हातांच्या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी किती पहारे बसवावे लागले, हे यावरून ध्यानी येते.

त्या काळी इंग्लंडमधील बाळंतीण दीड-दोन आठवडे खाटेवरच असे. विश्रांती म्हणजे उपचार, हा समज पक्का होता. परंतु इतके दिवस निजून राहिलेली स्त्री उठे, ती शिथिल स्नायूंनिशी. आणि लगेच घरकामाला जुंपली जाई. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील प्रसूतितज्ज्ञ फेअरबेर्न यांना ही विसंगती जाणवली. १९१२ साली त्यांनी तेथील मर्दनशाळेच्या प्रमुख मिनी रँडेल यांस, बाळंतिणींना खाटेवर करता येतील असे व्यायाम बसवावयास सांगितले. पुढे मार्गारेट मॉरिस ही नर्तकी त्यांच्या सोबतीस आली. नर्तकीने प्रसूतिकक्षात पाऊल टाकावे हे कित्येकांना विचित्र वाटले असेल. पण शरीराचा तोल आणि श्वासाची लय यांविषयी नर्तकीइतके कोणास ठाऊक असणार? तिचे प्रसूती व शस्त्रक्रिया यांनंतरच्या व्यायामांवरील पुस्तक १९३६ साली निघाले.

या व्यायामांचा भर मुख्यत्वे पोट आणि ओटीपोटाचा तळ यांवर होता. दुसऱ्या महायुद्धात खाटांची टंचाई झाली आणि बाळंतिणींना लवकर उठविण्याची रीत बळावली. आपल्याकडे भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. त्यामागे पोलिओग्रस्त मुलांची निकड होती. बाळंतिणींकडे ही विद्या वळली ती नंतर.

मानेचे गणित साधे आहे. प्रौढ माणसाचे डोके साडेचार-पाच किलोंचे. ते धडावर सरळ तोललेले असेल तर स्नायूंना फार श्रम नसतात. पुढे झुकले की मानेच्या मागील स्नायूंना ते सतत ओढून धरावे लागते. नवजात बालक दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पिते, आणि प्रत्येक वेळी आई त्याच्याकडे वाकून पाहते. पाय लांब करून, पिंढऱ्यांवर बाळ घेऊन न्हाऊ घालणे हा आपला सुंदर प्रकार. पण त्यातही मान खालीच! पूर्वी हे काम आजी किंवा सुईण करी. दूरच्या शहरातील दोन खोल्यांत ते एकट्या आईवर येते.

म्हणून उपचाराचा आरंभ बसण्यापासून होतो. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, मांडीवर उशी. आईने बाळाकडे वाकावयाचे नाही, बाळाला स्तनापर्यंत उचलून आणावयाचे. कुशीवर निजून पाजल्यानेही मानेस विसावा मिळतो. मग हनुवटी हळूच मागे घेणे, खांद्यांची पाती एकमेकींकडे आणणे, असे हलके व्यायाम दिवसातून अनेकदा थोडे थोडे करावयाचे. उबदार शेकाने नि मर्दनाने आराम पडतो खरा. परंतु बैठक तीच राहिली तर दुखणे परत येते. हातात मुंग्या वा अशक्तपणा, ताप, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर मात्र व्यायाम बाजूस ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. प्रसूतीनंतर वाढलेला रक्तदाब, किंवा कण्यात दिलेल्या भुलीचा परिणामही अशा डोकेदुखीच्या रूपाने प्रकट होतो, आणि त्यावर मर्दन हा इलाज नव्हे.