पडद्यावरचे क्रीडांगण

बंगळूरच्या एखाद्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की दिवाणखान्यातून बास्केटबॉलच्या सामन्याचे धावते वर्णन ऐकू येऊ लागते. प्रेक्षकांचा गलका, बुटांची करकर, पंचाची शिटी, कशाचीच उणीव नसते. बाहेरून ऐकणाऱ्यास अमेरिकेतील सामना चालला आहे असेच वाटावे. वस्तुतः घरातील मुलगा हातातील नियंत्रकाच्या कळा दाबून तो सामना स्वतःच खेळत असतो. दूरचित्रवाणी-संचाला जोडलेल्या या यंत्राला कन्सोल म्हणतात. त्यावरील बास्केटबॉल हुबेहूब आहे, अशी त्याची ख्याती आहे. परंतु तो हुबेहूब झाला कसा, आणि हुबेहूब कोणासारखा, हे दोन प्रश्न इतिहासालाच विचारले पाहिजेत.

मूळ खेळाचा जन्म अगदी साधा होता. १८९१ सालच्या हिवाळ्यात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पडद्यावरील बास्केटबॉलचा आरंभही तितकाच साधा. १९७८ साली अटारी कंपनीच्या कन्सोलवर तो आला, तेव्हा एकास एक अशा दोनच आकृत्या चेंडूमागे धावत असत. त्यांना ना चेहरा होता, ना नाव. नावे आली ती १९८३ मध्ये. गृहसंगणकासाठी निघालेल्या एका खेळात ज्युलियस अर्व्हिंग आणि लॅरी बर्ड हे दोन नामांकित खेळाडू प्रथमच आपापल्या नावाने समोरासमोर उभे राहिले. १९९९ मध्ये सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलवर ‘एनबीए टूके’ ही मालिका सुरू झाली. पुढे खऱ्या खेळाडूंच्या अंगावर खुणा बांधून त्यांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपण्याचे तंत्र विकसित होत गेले. प्रत्येकाचा वेग, नेम आणि बचाव यांना आकड्यांचे मोल मिळाले. एखाद्याची चेंडू फेकण्याची लकबही पाहणाऱ्यास ओळखू येऊ लागली.

येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. ज्याची मापे घेतली तोच पडद्यावर उतरणार. मग मापे घ्यावयाची कोणाची? अमेरिकेतील स्त्रियांच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचे सामने १९९७ साली सुरू झाले. तिचे सर्व संघ कन्सोलवरील खेळात प्रथम आले ते ‘एनबीए लाइव्ह’च्या २०१७ मधील आवृत्तीत, आणि ‘टूके’ मालिकेत त्यांना २०१९ मध्ये प्रवेश मिळाला. म्हणजे स्त्रिया मैदानावर वीस वर्षे खेळत होत्या. हुबेहूब म्हणविणाऱ्या चित्रात मात्र त्या नव्हत्या.

योगायोग असा की याच दोन वर्षी स्त्रियांची आशिया चषक स्पर्धा बंगळूरला झाली. जुलै २०१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे नमविले आणि पहिल्या श्रेणीत पाऊल टाकले. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. २०१९ मध्ये पुन्हा बंगळूरलाच भारतीय मुली आशियातील बलाढ्य संघांशी खेळल्या. आठ संघांत त्यांचा क्रमांक आठवा लागला. पण त्या पंक्तीत बसण्याचा मान त्यांनी स्वतः मिळविलेला होता.

अशा खेळांच्या चित्रकलेत बंगळूरचा वाटा नाही असे मात्र नव्हे. १९९७ सालीच राजेश राव यांनी येथे ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही व्हिडिओ गेम घडविणारी संस्था स्थापन केली. परदेशी कंपन्यांच्या खेळांतील मोटारी आणि दृश्ये येथील कलावंतांनी रंगविली. २०१९ मध्ये ती संस्था रॉकस्टार कंपनीने विकत घेतली. रॉकस्टार ज्या ‘टेक-टू’ समूहाची, त्याच समूहाचे ‘टूके’ हेही एक अंग. तेव्हा बंगळूरचे कारागीर आणि तो बास्केटबॉल आज एकाच छत्राखाली आले आहेत. खेळातील संघ मात्र अमेरिकेतील व्यावसायिक संघटनांचेच आहेत.

यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. जेथे विक्री आणि करार आहेत तेथेच मापे घेतली जातात. तथापि दिवाणखान्यातील त्या मुलाला अमेरिकी खेळाडूंच्या लकबी पाठ असतात, आणि त्याच्याच शहरात दोन गुणांनी जिंकलेला तो सामना मात्र त्याला ठाऊक नसण्याचा संभव अधिक. अमेरिकेतील संघांची झुंज तो कळ दाबून हवी तितक्या वेळा खेळू शकेल. पंचाहत्तर-त्र्याहत्तरची ती झुंज कोणत्याही कन्सोलवर निघालेली नाही. ती त्याला कोणीतरी सांगावीच लागेल.