न्यूरोपिक्सेल्स प्रोब : हाताळणी आणि बसवणी

न्यूरोपिक्सेल्स हा मेंदूतील चेतापेशींचे विद्युतसंदेश टिपणारा सिलिकॉनचा प्रोब आहे. बेल्जियममधील आयमेक या संस्थेने अमेरिका व ब्रिटनमधील संशोधकांसोबत तो विकसित केला. त्याविषयीचा शोधनिबंध २०१७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीची दांडी (शँक) १० मिलिमीटर लांब, ७० मायक्रोमीटर रुंद आणि जेमतेम २४ मायक्रोमीटर जाड आहे. म्हणजे रुंदी साधारण केसाएवढी आणि जाडी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. तिच्यावर ९६० इलेक्ट्रोड असून एका वेळी त्यांपैकी ३८४ वरून नोंद घेता येते.

दांडी थोडी वाकते, पण सिलिकॉन ठिसूळ असल्याने टोक कशालाही आपटले की ती तुटते. ती जोडता येत नाही. प्राण्यावर शस्त्रक्रिया झालेली असते, अनेकदा काही आठवड्यांचे प्रशिक्षणही झालेले असते. ऐन वेळी प्रोब तुटला तर ते सारे वाया जाऊ शकते.

म्हणून दांडीला कधीच हात लावत नाहीत. चिमट्याने मागचा जाड भाग धरतात. ग्राउंड व रेफरन्सच्या तारांचे सोल्डरिंग प्रोब मॅनिप्युलेटरवर चढवण्यापूर्वीच उरकतात. अंगावरील स्थिर विजेने सर्किट बिघडू नये म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात. प्रोबची पट्टी हेडस्टेजला जोडताना तिला थोडी ढील ठेवावी लागते. ताणलेली केबल हलली की धक्का थेट दांडीपर्यंत जातो.

बसवणीत सर्वांत दुर्लक्षित बाब कोनाची. दांडीची दिशा आणि मायक्रोमॅनिप्युलेटरच्या सरकण्याची दिशा एकच हवी. दोन्हींत फक्त २ अंशांचा फरक राहिला, तर ४ मिलिमीटर आत जाईपर्यंत दांडी सुमारे १४० मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट, बाजूला रेटली जाते. डोळ्याला हा फरक सहज दिसत नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली दोन बाजूंनी पाहून तो आधीच काढून टाकणे शहाणपणाचे.

मेंदू मऊ असला तरी त्याचे बाहेरचे आवरण, ड्युरा, चिवट असते. उंदरासारख्या लहान प्राण्यात ते कधी टोकानेच भेदले जाते. अन्यथा आधी कापावे लागते. दांडी धनुष्यासारखी वाकताना दिसली, तर जोर न लावता थांबून मागे घेतात. पुढे सेकंदाला काही मायक्रोमीटर इतकाच वेग ठेवतात. ५ मायक्रोमीटरच्या वेगाने ४ मिलिमीटरला १३ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. घाईचे हे कामच नव्हे.

प्रोब बाहेर काढल्यावर त्यावरचे रक्त व ऊती वाळू देत नाहीत. दांडी एन्झाइमयुक्त डिटर्जंटच्या द्रावणात भिजवून मग ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवतात. पुसायची मात्र नाही.

दीर्घकाळ बसवायच्या प्रोबसाठी बऱ्याच प्रयोगशाळा दोन भागांचा थ्रीडी-प्रिंटेड धारक वापरतात. बाहेरचा भाग डेंटल सिमेंटने कवटीला चिकटतो, प्रोब आतल्या भागावर स्क्रूने बसतो. सिमेंट प्रोबला लागलेच नाही, तर नोंदी संपल्यावर स्क्रू सोडून तो सरळ रेषेत वर घेता येतो आणि धुऊन पुन्हा वापरता येतो.